भिसेगावचे घर आणि सात दाखले

मी, अनसूया दत्तात्रेय बडेकर, वय ६९ वर्षे, अविवाहित, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार भिसेगाव, ता. कर्जत, जि. रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब आहे, गुडघे गेले आहेत, पण स्मरणशक्तीबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. उलट ती जरा कमी असती तर बरे झाले असते, असे माझ्या भावाकडच्या मंडळींचे मत आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. रागाच्या भरात तर लिहीत नाही ना, असे वकिलांनी विचारले. रागातच लिहीत आहे. शाळेत छत्तीस वर्षे राग आणि शुद्ध या दोन्ही गोष्टी मी बरोबरच बाळगल्या, तेव्हा ती अडचण समजू नये.

ज्या शाळेत मी नोकरी केली तिचे आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव या कागदात लिहिलेले नाही. भिवपुरीच्या आसपासची शाळा, एवढे पुरे. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

कलम १. दिनांक ९ मार्च २०१६ रोजी केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी या लेखाने संपूर्ण रद्द करते. त्या मृत्युपत्राने माझे भिसेगावचे राहते घर मी हर्षला नागू निरगुडा हिला दिले होते. आईबाप दिवाळीनंतर कामाला बाहेर गेले की आदिवासी वाडीवरच्या मुलींची शाळा सुटते. त्या मुलींना तिथे राहता यावे आणि हर्षलाने ते चालवावे, असे त्यात लिहिले होते. ते मृत्युपत्र मी आनंदाने केले होते. त्या दिवशी आम्ही दोघींनी बाजारात बसून आइसक्रीम खाल्ले, आणि मला आइसक्रीम सोसत नाही हे माहीत असूनही मी दोन खाल्ली.

कलम २. खालापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावच्या भातशेतीत माझा जो हिस्सा आहे तो मी माझी पुतणी तेजश्री हिला देते. तिचा भाऊ रूपेश याला देत नाही. आमच्याकडे बहिणीला साडीचोळी करायची आणि त्याच दिवशी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची अशी रीत आहे. माझा भाऊ सदू, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, १९९१ साली हिरवी इरकली आणि टाइप केलेला कागद घेऊन आला होता. मी साडी घेतली आणि कागद परत दिला. त्यानंतर तो चार वर्षे माझ्याशी बोलला नाही. ती साडी फार टिकली. रूपेशला सांगायचे ते असे की, मागच्या गणपतीत तू माझ्या घरी आरतीला आलास आणि टेपने पडवी मोजलीस, ते मी स्वयंपाकघरातून पाहिले आहे. तुझ्यावर माझा रोष नाही, पण माप चुकले आहे, पडवी साडेसात फूट आहे.

बँकेत जे काही असेल तेही तेजश्रीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करायची आहे आणि मला अग्नीही तिनेच द्यायचा आहे. शाळेत माझी शोकसभा घेऊ नये.

कलम ३. मला मिळालेली ‘आदर्श मुख्याध्यापिका’ची चारही स्मृतिचिन्हे भंगारात द्यावीत. पुस्तके तालुक्याच्या वाचनालयाला. ॲल्युमिनियमची मोठी किटली आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई सुनील कराळे, राहणार नेरळ, यांना.

किटलीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. मी १९९४ साली मुख्याध्यापिका झाले तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत चहा बाईमाणसाने करायचा असा अलिखित नियम होता. मी चहाच्या पाळ्या लावल्या आणि पहिली पाळी गणिताच्या सरांना दिली. त्यांनी साखरेऐवजी मीठ घातले. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा त्यांचीच पाळी लावली. तिसऱ्या शनिवारी चहा चांगला झाला. मुली झाडतात आणि मुलगे घंटा देतात हेही मी बंद केले. हजेरीत आधी मुलगे आणि खाली मुली अशी नावे असत, ती अकारविल्हे एकत्र केली. पालकसभेला वाडीवरचे कोणी येत नाही म्हणून सगळे नाके मुरडत. मी सभाच वाडीवर नेली, संध्याकाळी, लोक कामावरून आल्यावर. तिथे खुर्ची नव्हती. सगळे खाली बसलो आणि संस्थेच्या सचिवांच्या पँटला शेण लागले. सुनील हे सगळे बघत असे आणि गालात हसत असे. एवढ्या मोठ्या शाळेत आपल्या बाजूने एक माणूस हसतो आहे, याचा किती आधार असतो ते मी त्याला कधी सांगितले नाही. म्हणून किटली.

कलम ४. हर्षला. हिला मी काहीही देत नाही. का, ते लिहिते.

हर्षला ठाकरवाडीवरची. आठवीत असताना तिचे वडील नागू तिला माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, ही घरी ऱ्हाईली तर वाया जाईल. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." ती माझ्या घरी राहिली. आठवी, नववी, दहावी, पुढे बी.एड. होईपर्यंत, एकूण दहा वर्षे. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत. तिला टायफॉइड झाला तेव्हा मी पंधरा दिवस रजा टाकली होती. मला मूल नाही, त्याची खंत मी कधी केली नाही, कारण खंत करण्याइतकी जागाच तिने ठेवली नव्हती. २००५ साली ती आमच्याच शाळेत लागली. २०२१ साली मुख्याध्यापिका झाली. माझ्या जुन्या खुर्चीत तिला बसलेली पाहिली आणि मी जिना उतरून खाली येऊन रडले.

या मे महिन्यात सुनील माझ्याकडे आला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "बाई, तीन तारखेला शाळेनं सात दाखले दिले. सगळ्या मुली. पाच कातकरवाडीच्या, दोन ठाकरवाडीच्या. नववीच्या."

शाळेबाहेरच्या माणसासाठी सांगते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा यासाठी कच्च्या मुलांच्या पालकांना नववीच्या शेवटी बोलावतात. म्हणतात, नापास करण्यापेक्षा पास करतो, पण शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा. बाहेरून बसणारा नापास झाला तर तो शाळेच्या निकालात धरला जात नाही. वाडीवरच्या माणसाला पास एवढेच ऐकू येते. तो हात जोडतो आणि दाखला घेऊन जातो. मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते, आणि मार्चमध्ये परीक्षा असते तेव्हा ती विटा उलटत असते.

मी रिक्षा करून शाळेत गेले. हजेरीपट मागितला. नावे अजून अकारविल्हे एकत्र होती, मुलगे आणि मुली, मी लावल्याप्रमाणे. सात नावांवर लाल रेघ होती.

मी विचारले, "हर्षला, हे तू केलंस?"

"हो."

"तू?"

ती उठली आणि दार लावून घेतले. म्हणाली, "बाई, तुमचा निकाल ब्याऐंशी टक्के लागला तेव्हा संस्थेनं तुम्हाला एक पत्र दिलं आणि मग तुमच्याच घरी चहाला आले. बडेकर आडनाव आहे तुमचं. माझा नव्वद लागला तर काय म्हणतील माहितेय? बघा, वाडीवरची खुर्चीत बसवली की काय होतं. तुम्ही हरलात तर एकट्या हरत होता. मी हरले तर पुढची तीस वर्षं इथे वाडीवरचं कोणी बसणार नाही."

यात खोटे काही नव्हते. ते मी तिथेच मान्य केले असते. पण सात मुलींच्या मानेवर पाय ठेवून ही खुर्ची टिकणार असेल, तर ती कोणासाठी टिकवायची, असे मी विचारले. आवाज चढला होता माझा. तिचा चढला नाही. तिचे शिकलेले बोलणे मात्र सुटले आणि ती लहानपणीसारखी बोलू लागली.

"आनि चिमाचा फॉर्म कोनी भरला हुता, बाई? मी त्या टेबलापाशीच हुबी व्हते. तुमीच नाव लिवलंत. लय चांगल्या अक्षरात लिवलंत."

मी हजेरीपट मिटून टेबलावर ठेवला. मी घरी आले.

कलम ५. हे कलम माझ्याविरुद्ध आहे.

१९९७ साली नववीत हर्षला आणि कातकरवाडीची चिमा, दोघी गणितात नापास होत्या. संस्थेच्या अध्यक्षांनी दोघींचे दाखले काढायला सांगितले. मी भांडले. दोन तास भांडले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बाई, एक तुमची, एक माझी," आणि हसले, जणू बाजारात कोंबड्यांचा सौदा चालला होता. आणि मी तो सौदा केला. हर्षला माझ्या घरी राहत होती, तिला मी शिकवून वर काढीन याची खात्री होती. चिमाचे आईबाप दरवर्षी भट्टीवर जात, ती नाहीतरी जाईलच, असे मी स्वतःला सांगितले. सतरा नंबरचा फॉर्म मी स्वतः भरला, चूक होऊ नये म्हणून. परीक्षेच्या दिवशी चिमा खालापूरच्या बाजूला एका भट्टीवर होती. हर्षला पास झाली. निकाल तरी शंभर टक्के लागला नाही, दोन मुलगे आजारी पडले होते.

लोकांना मी सांगत आले की मी एका मुलीसाठी संस्थेशी लढले. भाषणांतही सांगितले. दुसरी मुलगी मी भाषणातून गाळली, आणि अठ्ठावीस वर्षांत मला एकदाही कोणी विचारले नाही. हर्षलाने सगळे पाहिले होते. समता, न्याय, मुलींचा हक्क यावर मी तिला दहा वर्षे जेवताना व्याख्याने दिली, आणि त्या एका दुपारी कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे ते शिकवले. ती हुशार होती. दुसराच धडा तिने लक्षात ठेवला.

तरीही मी तिला माफ केलेले नाही. माझी चूक मोठी असल्याने तिची लहान होत नाही. मी परक्याच्या मुलीला सोडले होते. ती ज्या रांगेतून आली, त्याच रांगेला तिने दार लावले. ठाकरवाडी आणि कातकरवाडी यांच्यामध्ये एक ओढा आहे, ठाकर कातकऱ्यांना आपल्यातले मानत नाहीत, आणि तो ओढा किती रुंद आहे हे बाहेरच्याला कळत नाही, हे खरे. पण तिला मी तो ओलांडायला शिकवले होते असे मला वाटत होते. माझा विश्वास तिने मोडला आणि चिमाचा मी. दोन्ही गोष्टी या कागदावर शेजारीशेजारी राहू देत.

कलम ६. घर.

या जूनमध्ये मी सुनीलला बरोबर घेऊन कातकरवाडीवर गेले. चिमा आता त्रेचाळीस वर्षांची आहे. नवरा नाही. केस पांढरे झाले आहेत. मला वाटले होते ती ओळखणार नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी लय बारीक झालाव." तिने मला कोरा चहा दिला. मी १९९७ चे सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ते मला ठावं हाय. अध्यक्षाच्या डायवरनं तवाच सांगितलं व्हतं बापाला."

तिला माहीत होते. इतकी वर्षे बाजारात भेटली की ती मला ‘बाई, बरं हाय ना’ असे विचारत होती, आणि तिला माहीत होते.

मी म्हणाले, माझे भिसेगावचे घर मी तुझ्या नावावर करते. तिने पदराने तोंड पुसले. म्हणाली, "मी काय करू त्या घराचं? तितं आमाला शेजारी बसू देतील का? घर नको, बाई. मला येकच द्या. माज्या ठकीचं नाव पटावर घाला."

ठकी ही तिची मुलगी. पंधरा वर्षांची. सात लाल रेघांपैकी एक तिच्यावर आहे. हे मला तोवर माहीत नव्हते. पटावर ‘ठकूबाई’ लिहिले होते आणि मी आडनावे वाचलीच नव्हती.

ठकी दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला विचारले, घर तुझ्या नावावर केले तर चालेल का? या वेळी ठरवून विचारले. आधी कधी कोणाला विचारले नव्हते. तिने आईकडे बघितले, मग माझ्याकडे.

"बाई, तितून शाळंत जायला सकाळची रिक्षा भेटती का?"

तिला दाखला मिळाला आहे, शाळा तिची राहिलेली नाही, हे तिला नीटसे कोणी सांगितलेच नव्हते. सुट्टी संपली की जायचे, असेच ती धरून होती. रिक्षा भेटते, असे मी म्हणाले.

म्हणून, माझे भिसेगाव येथील राहते घर, दोन खोल्या, पडवी (साडेसात फूट), मागची मोकळी जागा आणि शेवग्याचे झाड, हे सर्व मी ठकी, आई चिमा, राहणार कातकरवाडी, हिला पूर्ण मालकी हक्काने देते. ती सज्ञान होईपर्यंत चिमा पालक राहील. ठकीने शिकलेच पाहिजे, लग्न उशिरा केले पाहिजे, घर विकू नये, वाडीवरच्या मुलींना ठेवावे, अशी कोणतीही अट मी घालत नाही. अटींची यादी मी आधी केली होती, तेरा होत्या. सगळ्या खोडल्या. घर तिचे आहे. भाड्याने द्यावे, पाडावे, कुलूप लावून वाडीवर राहावे. शेजाऱ्यांनी त्रास दिला तर तेजश्रीने उभे राहायचे आहे. ती माझ्यापेक्षा जास्त भांडकुदळ आहे आणि ते मला फार आवडते.

कलम ७. जे मागितले ते मला देता येत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. शाळेच्या पटावर नाव घालणे ही माझ्या मालकीची गोष्ट नाही. एके काळी होती, तेव्हा मी ती वापरली नाही. मृत्युपत्राने माणूस स्वतःचे असेल तेवढेच देऊ शकतो, असे वकील म्हणतात. दाखला परत घेऊन दहावीत प्रवेश देण्याचा अधिकार आज फक्त मुख्याध्यापिकेला आहे, तिची एक सही पुरते. शाळेच्या फळ्यावर प्रवेशाची शेवटची तारीख ३१ जुलै लिहिलेली आहे. मी हर्षलाला तीन पत्रे पाठवली आणि दोनदा जाऊन भेटले. ती दर वेळी म्हणाली, "बघते, बाई." हा शब्दही ती माझ्याकडूनच शिकली. पालकांना मी हेच म्हणत असे.

कलम ८. या मृत्युपत्राची पहिली साक्षीदार हर्षला असावी अशी माझी इच्छा आहे. जिला काही मिळत नाही तीच चांगली साक्षीदार, असे वकिलांचे मत आहे, आणि हर्षलाला यातून काही मिळत नाही. दुसरा साक्षीदार सुनील, त्याला किटली मिळते, पण तेवढ्याने काही बिघडत नाही, असेही वकील म्हणाले. साक्षीदाराला मजकूर पटावा लागत नाही. सही माझीच आहे आणि ती मी तिच्यासमोर केली, एवढेच तिने सांगायचे आहे. तरी तिने सही करण्याआधी सगळे वाचावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे म्हणून खाली सही करत आहे.

अनसूया दत्तात्रेय बडेकर (सही)

साक्षीदार:

१) हर्षला नागू निरगुडा, व्यवसाय: मुख्याध्यापिका (सही)

२) सुनील कराळे, निवृत्त शिपाई, राहणार नेरळ (सही)

सह्या झाल्यावर, वकिलांची हरकत असतानाही, मी खाली लिहीत आहे:

हर्षला ठरलेल्या वेळी आली. तिने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मध्ये चष्मा काढून पुसला. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाई, कलम सात काढता येईल?" मी नाही म्हणाले. मग तिने सही केली. माझ्या पाया पडली, नेहमीसारखी, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखा. मी विचारले, "ठकीचं काय?" ती म्हणाली, "बघते," आणि रिक्षात बसली.

मला तिच्या दोन सह्या हव्या होत्या. एक मिळाली.

अ. द. बडेकर

स्थळ: कर्जत
दिनांक: २९ जुलै २०२५, मंगळवार